म्हशीच्या घशात कुणाकुणाचा हात

राहीबाईची म्हैस लाळ गाळत होती, चारा गिळत नव्हती. आळीने ठरवून टाकलं, घशात काटा अडकलाय. मदतीला आळी कधी मागे राहते? ज्याने त्याने आत हात घालून पाहिला. म्हैस मेली ती मेलीच. महिन्याभराने एक बैलही तसाच मेला, तेव्हा कुठे गुरांचे डॉक्टर आले आणि म्हणाले, काटा कसला, पिसाळलेलं कुत्रं चावलंय. ज्यांचे हात आत गेले त्यांनी ताबडतोब नगरला जाऊन पोटात सुया घ्याव्यात. रोग एकदा उठला, माणूस पाण्याला भ्यायला लागला, की औषध नाही. आळीची पाचावर धारण बसली.

पण दुष्काळाने आळी पांगलेली. कोणी खडी फोडायला गेलेलं, कोणी कोल्हारकडे ऊस तोडायला. म्हणून गेल्या साली शिरगणती केलेले राधाकृष्ण मास्तर आपली जुनी यादी घेऊन दारोदार फिरू लागले. नाव वाचायचं, माणूस कुठे गेला ते विचारायचं, निरोप धाडायचा. म्हैस जिची, ती राहीबाई बरोबर होतीच.

सगळ्यात बारीक हात तिच्या लेकीचा होता, चांगुणाचा. "माहेरी पाऊल टाकलंस तर परत घेणार न्हाई," असं नवऱ्याने बजावलेलं असताना पोरगी चोरून दोन दिवस आली होती. कोपरापर्यंत हात घातला, दात लागून रक्त आलं. बोलावं तर लेकीचा संसार मोडतो, गप्प बसावं तर लेकच जाते. आणि नेमका जावयाचा चुलता आसाराम आज पाहुणा म्हणून तिच्याच ओट्यावर बसलेला.

"झालं," शेवटी त्याच ओट्यापाशी येऊन मास्तर म्हणाले. "आळीतलं एकही माणूस राहिलं नाही."

साऱ्यांचा जीव भांड्यात पडला. राहीबाई मात्र मास्तरांपुढे येऊन उभी राहिली.

"मास्तर, येक राहिलं. माजी चांगुणा."

"ती सासरी मोजलेली. या यादीत कशी येईल?"

"यादीत न्हाई. पर हात हुता तिचा. रगत आलं हुतं."

आसाराम ताडकन उठला. "म्हंजे आली हुती तर!"

"आली हुती." राहीबाईने त्याच्यापुढे पदर पसरला. "नांदवायची नसंल तर नका नांदवू, दादा. पर आदी सुया द्या तिला."

आसाराम पुन्हा ओट्यावर बसला.

"परवापासनं पान्याचा तांब्या बगितला की वरडती," तो म्हणाला. "आमी म्हनलं, सोंग करती."