वजनदार बाटली

कुंदनचा जन्म भांडी विकण्यात गेलेला. हातात तोलून आणि टिचकी मारून भांड्याची जात सांगणारा माणूस! त्याला कोण शिकवणार? लेकीच्या शाळेनं कॅम्पसाठी सांगितलं होतं, वेळ पडली तर पाणी उकळता येईल अशी धातूची बाटली आणा. दुकानातली मुलगी बिचारी एक पातळशी, एकपदरी बाटली काढून काही सांगू लागली, तर ह्यानं तिला बोलूच दिलं नाही.

"हा पत्रा कोणाला दाखवता, ताई?" त्यानं सगळ्यांत जड बाटली उचलली. "भांडं घ्यावं ते वजनावर."

तशा दोन घेतल्या. एक लेकीला, दिशाला, एक घरात. गोदावरीला पूर आला, नळ बंद पडले, तर हाताशी असावी.

सकाळी दिशा इगतपुरीच्या बसमध्ये चढली, तेव्हाही त्यानं खिडकीतून बजावलं, "धरणाचं पाणी तसंच पिऊ नको. बाटली सरळ चुलीवर ठेव. आणि झाकण घट्ट लाव, नाहीतर राख पडते."

दुपारी त्याच्या आईचा, शकुबाईचा घसा धरला होता. तिनं घरातल्या बाटलीत पाणी भरलं, झाकण आवळून ती गॅसवर ठेवली आणि तुळशीच्या मंजिऱ्या खुडायला अंगणात गेली.

केवढा तो आवाज! कुंदन धावत आत गेला. शेगडी उलटली होती, खिडकीच्या काचांचा चुरा झाला होता, झाकण छताच्या गिलाव्यात रुतलं होतं. फाटलेल्या बाटलीच्या आत आणखी एक बाटली होती. वजन त्या दुसऱ्या भिंतीचं होतं. ती बाटली गरम पाणी गरम ठेवण्यासाठी होती, पाणी उकळण्यासाठी नव्हती. त्यात झाकण आवळलेलं, वाफेला वाटच नव्हती.

"अरे बाळा, हा बॉम्ब कुठून आणलास?" शकुबाई दारात येऊन म्हणाली. "मी आत असते तर?"

कुंदनला ते ऐकूच आलं नाही. त्याच्या डोळ्यांसमोर दिशाजवळची दुसरी बाटली होती. दिशाच्या सरांना फोन लावला, लागेना. पुन्हा लावला, पुन्हा तेच. मग त्यानं मोटारसायकल काढली आणि इगतपुरीचा रस्ता धरला. वाटेत किती देवांना नवस बोलला, त्याचं त्याला ठाऊक.

धरणाकाठी तंबू दिसले. बाकी मुलं सरांबरोबर पाण्याकडे गेली होती. तीन दगडांच्या चुलीत बाटली उभी होती आणि दिशा वाकून फुंकर घालत होती.

त्यानं धावत जाऊन तिला कमरेला धरून उचललं आणि तसाच पळाला. तंबूच्या मागे दोघं पडतात न पडतात तोच चूल उडाली. दोघांच्या अंगावर राख आणि खडे पडले.

दिशाला खरचटलंसुद्धा नव्हतं, पण ती पांढरीफटक पडली होती.

"बाबा, माझं काय चुकलं?" ती रडत म्हणाली. "तुम्ही सांगितलं तसंच तर केलं मी."

कुंदनला तिच्याकडे बघवेना.