पाटलांचं उघडं डोकं

गोदावरीचा पूर ओसरला आणि उमापुरात खरूज शिरली. माणसं भिंतींना पाठी घासत होती, पण विचारलं की म्हणत, उष्णता झालीय. आणि सगळ्यात जास्त उष्णता झाली होती अर्जुनराव पाटलांना.

गेवराईच्या दवाखान्यातून गंधकाचं मलम आलं. घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी लावायचं, दुसऱ्या दिवशी आंघोळ करायची आणि कपडे उकळायचे, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पाटलांच्या घरी सगळ्यांनी लावलं, पाटील सोडून. पाटलाला खरूज म्हटल्यावर गाव हसेल, ही धास्ती. मग व्हायचं तेच झालं. बाळंतपणाला आलेल्या लेकीची, शिवकन्येची तान्ही बरी झाली, आजोबांच्या मांडीवर खेळली आणि पुन्हा अंगभर फोड उठले. शिवकन्येने पोर उचलून नेली.

"आबा, मलम लावल्याबिगर हिला हात लावायचा न्हाई."

नातीवाचून पाटलांना घास गोड लागेना. शेवटी नमले. घरच्यांबरोबर त्यांनीही अंगभर पिवळं मलम फासलं आणि डोक्याचा पटकासुद्धा उकळायला दिला. त्यांच्या पत्नी छबुबाईंनी अंगणात चूल मांडून हंडा चढवला. त्या कपडे गोळा करायला आत गेल्या आणि पाटील चुलीशेजारी मान खाली घालून बसले.

इथेच घोळ झाला. पाटील बोडक्या डोक्याने बसतो तो घरात कुणी गेलं तर, आणि अंगणात पाणी तापतं ते मयताच्या आंघोळीला. शेजारच्या चंद्रभागाबाईंनी कुंपणावरून पाहिलं आणि छबुबाईंच्या नावाने गळा काढला. घटकाभरात अंगण भरलं. आसाराम तर तिरडीचे बांबू घेऊनच आला. कुणाला एक शब्द विचारायची गरज वाटली नाही, आणि खरूज सांगायच्या लाजेने पाटलांची मान वर होईना.

तेवढ्यात छबुबाई कपड्यांचं बोचकं घेऊन बाहेर आल्या. रडणं थांबलं. चंद्रभागाबाई हळूच म्हणाल्या, "मंग... तान्ही गेली का?"

पाटील ताडकन उठले.

"तिचं नाव काढू नका. कुणी मेलं न्हाई. मला खरूज झालीय. लई झालीय."

कुणी हसलं नाही. आसारामने बांबू खाली ठेवले आणि दोन्ही हातांनी कंबर खाजवायला सुरुवात केली.

"मलाबी हाय, पाटील. मलम उरलंय का?"

मग सगळ्यांचेच हात खाजवायला सुटले. आलेल्या बायका घरचे कपडे आणायला पळाल्या.

पाटलांचं तिकडे लक्षच नव्हतं. दारात शिवकन्या पोरीला घेऊन उभी होती.

"उद्या आंघोळ करा आबा, मंग देते."

"पहाटंची चालंल का?" पाटलांनी विचारलं.