यात कोण आहे?

“डबीचं मागचं आधी वाच गं. पुढचं चित्र पोरांना भुलवायला असतं. खरं काय ते मागे, बारीक अक्षरांत.”

थोरल्या बहिणीचं मावशीला हे सांगणं, ती अंथरुणाला खिळली होती तेव्हाचं. आवाज इतका खोल गेलेला की उशीपाशी कान न्यावा लागे. हुकूम मात्र तसाच, थोरलेपणाचा. तिच्या घरात मांस-मासळी कधी शिरली नाही. “ज्याला डोळे आहेत त्याला आपण खायचं नाही,” एवढाच तिचा धर्म, आणि लेकीला बोलायला शिकवतानाच तिने तो शिकवला होता. म्हणून ठकू कुठलीही नवी वस्तू तोंडात घालण्याआधी विचारायची, “यात कोण आहे?” काय आहे, असं नाही. कोण आहे.

बहीण गेली आणि ठकूने तोंड मिटून घेतलं. बापाने हात जोडले, शेजारणींनी लाडीगोडी लावली, पोर ढिम्म. शेवटी मावशीने, आईच्या धाकट्या बहिणीने, अर्धं केळं सोलून तिच्यापुढे धरलं आणि म्हणाली, “तुझ्या ताटात मी जे वाढेन, त्यात काय आहे ते तुला खरं सांगेन. नेहमी. माझा शब्द.” ठकूने बराच वेळ तिच्या तोंडाकडे पाहिलं, मग घास घेतला. तेव्हापासून मावशी या घरची झाली आणि ठकूची ‘माऊ’ झाली.

बहिणीच्या आठवणीसाठी मावशीने आपल्यापुरतं एक व्रत धरलं होतं. रोज दुपारपर्यंत मौन. त्याचा गाजावाजा नव्हता. दाजी, ठकूचे वडील, कधी चेष्टा करत, “दुपारनंतर व्याजासकट वसूल करते हं ही!” पण सकाळी चहाचा कप मुकाट पुढे आला की तेही तो मुकाटच घेत.

पुढे ठकूला दम लागू लागला. जिना चढताना मधेच बसायची, बोटांना मुंग्या येतात म्हणायची. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं. बी-बारा कमी, डी पण कमी. “मुलांच्या गोळ्या मिळतात, रोज द्या,” त्या म्हणाल्या. “हयगय नको. नसांचा प्रश्न आहे.”

दुसऱ्या दिवशी सकाळीच मावशी औषधांच्या दुकानात गेली. चष्मा घरी टेबलावर राहिलेला, तोंडाला मौनाचं कुलूप. फळीवर एका बरणीवर हिरवंगार पान काढलेलं, आत अस्वलांच्या आकाराच्या लाल-पिवळ्या मऊ गोळ्या. पान आहे म्हणजे झाडपाल्याचंच असणार, म्हणून तिचा जीव भांड्यात पडला. तिने बोट दाखवलं, पैसे दिले आणि आली. घरी ठकूने अस्वल चिमटीत धरून विचारलं, “माऊ, यात कोण आहे?” मावशीने हसून मान हलवली. कोणी नाही.

अस्वलं लागू पडली. ठकूच्या गालांवर रंग आला, जिन्यावर तिची पावलं पुन्हा धाडधाड वाजू लागली. बरणी तळाला आली तेव्हा नवी आणायची म्हणून मावशीने चष्मा लावला, नाव उतरवून घ्यायला बरणी फिरवली आणि मागचं वाचलं. साखर, रंग, जिलेटिन. जनावरांची हाडं नि कातडी उकळून करतात ते. तिने पुन्हा वाचलं. अक्षरं बदलली नाहीत.

जेवणं झाल्यावर तिने बरणी दाजींपुढे ठेवली.

दाजींनी वाचलं आणि कपाळावरून हात फिरवला. “तिला सांगू नकोस. दुसरं काही आण, मुकाट्याने बदल. झालं.”

“तिने विचारलं होतं, दाजी.”

“मग? तू कुठे खोटं बोललीस? तुझं तर मौन होतं!”

“मान हलवली ना. मान माझीच.”

दाजींच्या चेहऱ्यावरचं हसू विझलं. “अगं, ती पुन्हा तोंड मिटून बसली तर? आपल्या घरात ती तुझ्याच हातचं डोळे मिटून खाते. तो एक विश्वास गेला तर कुठलं औषध पोटात जायचं? नसांचं म्हणाल्यात डॉक्टरीणबाई.”

बरणी उचलून मावशीने कपाटात वर ठेवली.

दुसऱ्या दिवशी दुपार टळल्यावर ती बरणी पिशवीत टाकून, चष्मा लावून दुकानात गेली.

“अरेच्चा, बोलता की तुम्ही!” औषधवाले काका म्हणाले. “मागच्या वेळी नुसतं बोट. मी घरी सांगितलं, बिचारीला वाचा नाही.”

“वाचा होती, अक्कल नव्हती,” मावशी म्हणाली. “ज्यात जनावराचं काहीच नाही असं मुलांचं दाखवा. बी-बारा आणि डी, दोन्ही. आणि मला वाचू द्या.”

काकांनी चार-पाच डब्या मांडल्या. एका डबीवर पान होतंच, पण मागे पुन्हा तेच जिलेटिन. दुसरीतलं डी मेंढीच्या लोकरीच्या मेणातून काढलेलं. “मेंढी जिवंतच असते हो,” काका म्हणाले, “नुसती लोकर कातरतात.” मावशीने ती डबी हातात धरून विचार केला. हे ठकूला सांगता येईल का? येईल, पण मग ठकू विचारेल, त्या मेंढीचं पुढे काय होतं? तिने डबी परत ठेवली. शेवटची बाटली थेंबांची होती. बी-बारा सूक्ष्म जंतूंकडून तयार करून घेतलेलं, डी दगडफुलातून. तिने बुचापासून तळापर्यंत सगळं वाचलं, डॉक्टरीणबाईंच्या चिठ्ठीशी मात्रा ताडून पाहिली आणि बाटली घेतली.

“चव मात्र अस्वलासारखी नाही हं,” काकांनी बजावलं. “पोरं तोंड वाकडं करतात.”

“वाकडं केलं तर चालेल. मिटलं नाही म्हणजे मिळवली.”

बाहेर पायरीवर ती थांबली. थेंब रात्री वरणात मिसळले असते तर ठकूला पत्ताही लागला नसता. दाजींचं म्हणणं काही चुकीचं नव्हतं. भीती तिलाही तीच होती. ठकू आपल्याकडे बघेल, आधी बरणीकडे, मग आपल्याकडे, त्या पहिल्या केळ्याच्या वेळी बघितलं होतं तशी. आणि या वेळी कदाचित घास घेणार नाही. मग पुन्हा पहिल्यापासून. रोज समोर बसायचं, रोज खरं सांगायचं, पोरीला पटेपर्यंत.

घराकडचा रस्ता उजवीकडे होता. मावशीने बाटली पिशवीत रिकाम्या होत आलेल्या बरणीशेजारी उभी ठेवली, चष्मा पुसून पुन्हा लावला आणि ती डावीकडे, ठकूच्या शाळेच्या रस्त्याला लागली.