माझ्या अंगावरचा टवका

गालियाला वाटलं होतं, गावी परतल्यावर रात्री काळ्याभोर मिळतील. मिळाल्या त्या गोळ्यांच्या लाल रेघांनी ओरखडलेल्या. ज्या शाळेत ती मुलांना तारे शिकवणार होती, तिथे बंदूकवाले राहत होते. हे मी सांगतेय, कारण तिच्या गच्चीवर मीही होते. मी उजेडाची पेटी.

पत्र्याचं अंग, आत दिवे, तोंडावर दुधी काच. नफूसा डोंगरातल्या या गावी डॉक्टर सासींनी मला दवाखान्याच्या भिंतीवर टांगलं. माझ्यावर एक्स-रेच्या फिल्म लावून ते बघत. आधी कड्यावरून पडलेल्या मेंढपाळांची हाडं यायची. मग लढाई आली आणि बरगड्यांत रुतलेलं शिसं माझ्यासमोर पांढरंशुभ्र चमकू लागलं.

एका दुपारी शेजारच्या भट्टीवर तोफगोळा पडला. भट्टीवाला पावांसकट जळाला. आमची भिंत माझ्यासकट कोसळली. माझ्या काचेचा मसुरीएवढा टवका उडाला. तिथून उजेड जास्तच फाकायचा. धुरळ्यात ते कुणी पाहिलं नाही. मी कोपऱ्यात पडून राहिले आणि डॉक्टर फिल्म खिडकीच्या उन्हाला धरून बघू लागले.

गालिया त्यांची पुतणी. सहा वर्षं जर्मनीत शिकलेली, बोलायला लागली की थांबायची नाही.

"काका, ही पेटी मला द्या. दुर्बिणीच्या तोंडावर ठेवून हिचा फोटो काढायचाय."

"अगं, हिच्यावर आहे काय फोटो काढण्यासारखं?"

"काहीच नाही, म्हणून तर! नुसत्या उजेडाच्या फोटोत दुर्बिणीवरची धूळ दिसते. मग ताऱ्यांच्या फोटोतून ती वजा करायची."

"धूळ पुसायची सोडून वजा करते," डॉक्टर हसले. "घेऊन जा."

माझ्यावर जुन्या बनियनचं कापड ताणून ती मला दुर्बिणीवर ठेवी. दर चार फोटोंनी मला पाव फेरा फिरवी. माझ्याबरोबर फिरला तो दोष माझा, जागेवर राहिला तो दुर्बिणीचा. माझा टवका तिने असाच शोधला होता. दुर्बिणीला जोडलेला कॅमेरा मात्र केसभरही हलता कामा नये. हलला, तर आधी काढलेल्या फोटोंवरची धूळ कायमची. ताऱ्यांचे तीन महिन्यांचे फोटो झाले होते. माझ्या उजेडाचे फोटो, हा शेवटचा टप्पा राहिला होता.

ती संध्याकाळ. नुकतंच अंधारलं होतं, मी दुर्बिणीवर होते. खाली दवाखान्यापुढे गाडी करकचून थांबली आणि दार लाथेने उघडलं.

"गालिया! पेटी आण!" एक्स-रे काढून होताच डॉक्टर ओरडले.

तिने मला उचललं. घाईत कोपर लागलं आणि कॅमेरा गर्रकन फिरला. क्षणभर तिने डोळे मिटले, आणि ती धावली.

टेबलावर याखलफ होता, विशीतला. छातीतून रक्त उसळत होतं. त्याचा थोरला भाऊ शाबान बंदूकवाल्यांच्या टोळीचा म्होरक्या. त्याचं पिस्तूल डॉक्टरांच्या मानेला टेकलं होतं. गालियाने मला खिळ्यावर टांगलं. उजेड कमी पडतो म्हणून डॉक्टरांनी माझं कापड फाडून काढलं आणि त्याच्या छातीची फिल्म लावली.

काळजाशेजारी पांढरा ठिपका.

"ते बघ, तुकडा!" शाबान गरजला. "काढ तो."

"तिथे हात घातला तर तो मरेल, बाबा."

"नाही काढलास तर तू मरशील!"

डॉक्टरांच्या सुरीने कातडी चिरली. याखलफ किंचाळला. मला ओरडावंसं वाटलं, की तो ठिपका माझा आहे! पण पेटीला तोंड असून आवाज नसतो.

"काका, थांबा!"

"ए जर्मन मॅडम, बाहेर हो!" शाबानने पिस्तुलाचा दस्ता तिच्या गालावर हाणला.

ती पडली, उठली, रक्त थुंकली आणि तिने माझ्यावरची फिल्म ओढून काढली. बरगड्या गेल्या. ठिपका राहिला.

"आता बघ. तुझ्या भावाला पेटीचा टवका लागलाय का?"

तिने फिल्म पुन्हा माझ्यावर आडवी धरली, उलटी धरली. ठिपका हलेना. डॉक्टरांनी सुरी खाली ठेवली, याखलफला कुशीवर वळवलं. पाठीत भोक होतं. गोळी आरपार गेली होती.

शाबानने तोच दस्ता माझ्या तोंडावर घातला. काच कडेपासून कडेपर्यंत तडकली. डॉक्टर रात्रभर जखमा शिवत होते. याखलफ जगला.

पहाटे डॉक्टर म्हणाले, "तुझे तीन महिने गेले, पोरी. ने ही पेटी वर, पुन्हा सुरू कर."

तिचा गाल सुजून डोळा मिटला होता. ती गच्चीवर गेली आणि कॅमेरा काढून खाली घेऊन आली. मी खिळ्यावरच होते. माझ्यावर काहीही न लावता तिने माझा फोटो घेतला: तडा, टवका, सगळं.

"पेटी इथेच राहील," ती म्हणाली. "आणि रोज पहिला रुग्ण यायच्या आत मी हिचा रिकामा फोटो काढून शेजारी टांगणार. त्याच्याशी ताडून पाहिल्याशिवाय सुरी उचलायची नाही, काका. मानेवर पिस्तूल असलं तरी."