बिनटोकाचे शंख

सुचिता वानखडे बुलढाण्याच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर होती. एकोणीस वर्षं तिनं तिथल्या बरण्या पुसल्या, आणि पुसता पुसता पाहिल्याही. यंदा विभागप्रमुख राजकुमार सरांनी टाकून द्यायच्या नमुन्यांची यादी केली. त्यात एका ओळीत लिहिलं होतं : गोगलगायींचे शंख, अनोळखी, फुटलेले.

बरणीवरच्या चिठ्ठीची शाई उडाली होती. 'सुंदरबन' आणि 'झाडावरून' एवढेच दोन शब्द वाचता येत होते. सुचितानं शंख ताटलीत ओतले. तेवीस निघाले, सगळ्यांची टोकं गेलेली. एकेकावरून अंगठा फिरवताना ती थबकली. फुटलेल्या कपाची कड बोटाला लागते. इथं काहीच लागत नव्हतं. प्रत्येक शंख जवळजवळ सारख्याच ठिकाणी संपला होता आणि वरची जागा गुळगुळीत बुजलेली होती.

ताटली घेऊन ती सरांकडे गेली.

"सर, हे फुटेल नाहीत. आपटून फुटले असते तं एक इथं फुटला असता, एक तिथं. टोक गेल्यावर यानं आपलं आपणच बुजवून घेतलं."

प्रवासात आपटले असतील, म्हणून सरांनी हसून सोडून दिलं. ती जागची हलली नाही. मग त्यांनी भिंग काढलं, सातआठ शंख पाहिले आणि कपाटातलं गोगलगायींचं जाड पुस्तक तिच्यापुढे ठेवलं.

सुचिताला इंग्रजी अडखळत यायचं, पण चित्रं तिला कळत होती. मधल्या सुट्टीत डबा न उघडता तिनं पानामागून पान उलटलं. ताटलीतल्या शंखांसारखीच तोंडाशी जाड, बाहेर वळलेली कड आणि अंगावर उभ्या वळ्या, असं चित्र शेवटी सापडलं. सेरिथिडिया ऑब्ट्युसा. खारफुटीच्या खोडांवर चढून राहणारी, वाढताना शंखाचं टोक टाकून देणारी.

सरांनी फोटो कोलकात्याच्या एका तज्ज्ञ बाईंना पाठवले. चौथ्या दिवशी उत्तर आलं. ओळख अचूक होती, आणि ती कोणी पटवली, असंही बाईंनी विचारलं होतं.

सर स्वतः प्रयोगशाळेत आले. "सुचिताताई, तुमचं पूर्ण नाव सांगा. नोंदीत तेच जाणार."

तिनं ते सावकाश सांगितलं, वडिलांच्या नावासकट.

संध्याकाळी नवऱ्याला, धम्मरत्नला, तिनं सगळं ऐकवलं. गोगलगाय झाडावर चढते, हे त्याला खरंच वाटेना.

"चढते ना," ती म्हणाली. "अन् मी ओळखली तिले."