किलवरची अठ्ठी

माझी तान्ही लेक ठमी झोपली की आमच्या घरात पत्ते निघतात. रविवारी दुपारी जेवणाचं टेबल पुसून खिडकीपाशी ओढायचं, शेजारचे घड्याळवाले काका आणि काकू चपला वाजवत यायचे, आणि मी एक कान आतल्या खोलीकडे ठेवून बाबांच्या समोर बसायची. बाबा म्हणजे माझे सासरे. ब्रिजमध्ये समोरासमोरचे दोघे भिडू, आणि लग्न होऊन आल्यापासून मी त्यांची भिडू.

खेळ त्यांनीच शिकवला. "बोली दुसऱ्यांनी घेतली की ती पाडायची आपण," ते सांगायचे. "पाडायचे रस्ते दोन. एक, गप्प बसायचं. नवा रंग आपण होऊन काढायचा नाही, साधासा पत्ता परत द्यायचा आणि त्याला त्याच्या कर्माने चुकू द्यायचं. दुसरा, तुटून पडायचं."

"कधी काय, ते कसं कळायचं?"

"डमी बघ." डमी म्हणजे बोली घेणाऱ्याच्या भिडूचे टेबलावर उघडे मांडलेले पत्ते. "त्यात एखादा लांबलचक भक्कम रंग असेल, तर समोरचा त्यावर आपली सगळी रद्दी फेकून मोकळा होणार. तेव्हा गप्प बसलीस तर हात चोळत बसशील. तसा रंग नसेल, तर उगाच हात दाखवून अवलक्षण कशाला?"

त्या रविवारी मला पत्त्यांपेक्षा दुसरीच काळजी होती. माझी बाळंतपणाची रजा संपत आली होती. ठमीला बाबा सांभाळणार, हे ती पोटात असल्यापासून ठरलेलं. तरी मी गुपचूप एका पाळणाघरात चौकशी करून आले होते, आणि हो की नाही ते पाळणाघराला दुसऱ्या दिवशी सकाळी कळवायचं होतं. कारण मला बाबांचा संशय येत होता.

आधी चहात मीठ पडलं. होतं असं कुणाचंही. मग ठमीच्या एका पायात निळा मोजा, दुसऱ्यात काळा. "फॅशन आहे," बाबा म्हणाले, जरा जास्तच पटकन. मग तिला ताप आला तेव्हा मी औषधाची बाटली त्यांच्या हातात दिली, तर म्हणाले, "तूच दे बाई, माझ्या हातून सांडेल." आयुष्यभर इमारतींचे नकाशे काढलेला माणूस. त्यांच्या हातून शाईचा थेंब सांडलेला कुणी पाहिला नसेल.

आणि मागच्या रविवारी तर हातात इस्पिक असताना त्यांनी इस्पिकवर किलवर टाकलं. काकूंनी जागच्या जागी पकडलं. काकूंच्या नजरेतून मुंगी सुटत नाही. पाणी प्यायच्या निमित्ताने त्या माझ्यामागे स्वयंपाकघरात आल्या आणि हळूच म्हणाल्या, "माझ्या सासऱ्यांचं अस्संच सुरू झालं होतं. आधी पत्ते विसरले, मग घर विसरले. एवढंसं लेकरू तू त्यांच्यापाशी एकटं ठेवणार?"

झालं. मनात एकदा पाल चुकचुकली की चुकचुकतच राहते. मी बाबांची परीक्षा घ्यायला लागले. काल फोन कुणाचा आला होता? ठमीची लस कधी आहे? ते सगळं बरोबर सांगत, आणि मला वाटे, पाठ करून ठेवलं असणार. नवरा फिरतीवर. फोनवर म्हणाला, "पराचा कावळा करू नकोस. बघू थोडे दिवस." दिवस होते कुठे?

तर त्या रविवारी काकूंनी चार बदामची बोली घेतली. म्हणजे बदाम हुकूम, तेरापैकी दहा हात त्यांनी करायचे, आणि आम्हाला चार हात मिळाले तर बोली पडणार. उतारी माझी. मी गप्प बसायचा रस्ता धरला आणि छोटं बदाम उतरले. काकांनी डमी मांडली. चौकटचे राजा, राणी, गुलाम, दश्शी, नव्वी, रांगेने. चौकटचा एक्का माझ्याकडे होता, पण तो एकदा गेला की काकू त्या रांगेवर आपली रद्दी फेकत सुटणार.

काकूंनी दुसऱ्यांदा हुकूम काढला. बाबांकडचे बदाम संपले होते. त्यांनी किंचित थांबून किलवरची अठ्ठी टाकली.

मोठा पत्ता फेकला की त्याचा अर्थ 'हा रंग आण', अशी आमची पद्धत. पण किलवरचे राजा-राणी माझ्या हातात, एक्का समोर डमीत. बाबांकडे किलवरमध्ये मागण्यासारखं उरलं काय होतं? काकूंनी माझ्याकडे पाहून भुवई उचलली. 'बघ, सांगत नव्हते?' असंच ती भुवई म्हणत होती.

मग काकूंनी चौकट काढलं, मी एक्क्याने हात घेतला, आणि खेळायची पाळी माझ्यावर आली.

निमूटपणे हुकूम परत देता येत होता. त्यात धोका नव्हता, आणि फायदाही नव्हता. पण मी त्या अठ्ठीकडे बघत बसले. डोकं गेलेला माणूस कसाही चुकेल. बाबा मात्र इस्पिक आणि किलवर यांच्यातच चुकत होते. काळ्याच्या जागी लाल त्यांनी कधी टाकलं नव्हतं. निळा मोजा आणि काळा मोजा. पांढरी साखर आणि पांढरं मीठ. औषधाच्या बाटलीवरच्या बारीक रेघा.

"आज खेळणार ना, सूनबाई?" काकू म्हणाल्या. "का ठमी उठायची वाट बघू?"

माझ्याकडे इस्पिकचा राजा होता. राजाखालून छोटा पत्ता काढणं म्हणजे एक्का काकूंकडे असला तर आपण होऊन पायावर धोंडा. पण बाबांना तिथे इस्पिकची अठ्ठी टाकायची असेल तर?

मी छोटं इस्पिक टाकलं.

डमीतून छोटा पत्ता पडला. बाबांनी एक्का टाकला. एक्क्यावरचं इस्पिक मधोमध केवढं मोठं असतं! मग राणी, तीही झटकन. तोही हात आमचा. आता आणखी एकच हवा होता. बाबांनी पुढचा पत्ता काढला आणि ते थबकले. तो पत्ता त्यांनी खिडकीकडे तिरपा धरला, नाकाशी आणला, परत लांब नेला.

"इस्पिकची अठ्ठी," ते म्हणाले, अगदी हळू. "मघाशी टाकली होती ना मी ही?"

"नाही बाबा. मघाशी किलवरची टाकलीत."

त्यांनी ती टेबलावर ठेवली. माझ्या राजाने हात घेतला आणि बोली पडली.

"डोळे ना?" मी विचारलं. "कधीपासून?"

"मोतीबिंदू आहे. डॉक्टर केव्हाचे सांगताहेत, काढून टाका." ते पत्ते गोळा करत राहिले. "म्हटलं गप्प बसू, तुझं लक्ष जाणार नाही. सांगितलं असतं तर ठमीला माझ्यापाशी ठेवली असतीस?"

"नसती ठेवली."

"मग?"

काकू टेबलावर नसलेली धूळ पुसत होत्या.

"तू इस्पिक कशी काय खेळलीस?" बाबांनीच विचारलं. "पत्ता तर किलवर म्हणत होता."

"किलवर मागण्याइतके तुम्ही खुळे नाही म्हणून."

ते हसले. काका तर खो खो हसले, आणि त्या आवाजाने आत ठमी जागी झाली. बाबा सवयीने उठले, दारापर्यंत गेले, आणि थांबून त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. माझ्या परवानगीसाठी. असं त्यांनी आधी कधी पाहिलं नव्हतं.

"जा ना," मी म्हटलं. "पाळण्याची वाट तुम्हाला डोळे मिटूनही ठाऊक आहे."

तिला खांद्यावर थोपटत ते बाहेर आले. "उद्या पाळणाघराला हो म्हणून टाक," ते म्हणाले.

"तुम्हाला कुणी सांगितलं पाळणाघराचं?"

"डोळे गेलेत, कान नाही. तू फोन न्हाणीघरात जाऊन करतेस आणि दार नुसतं लोटून घेतेस." त्यांनी ठमीची टाळू हुंगली. "पण माझे डोळे होईपर्यंतच हं. ते झाले की ही माझी."

"ठरलं."

घड्याळवाल्या काकांनी खिशातून डोळ्याला लावायचं भिंग काढलं, घड्याळाचे दात बघतात ते. "घे. पुढचा डाव हे लावून खेळ."

"भिंग लावून ब्रिज?" काकू म्हणाल्या. "मग माझी एकही बोली होऊ द्यायची नाही, असंच ठरवलंय का तुम्ही?"

बाबांनी भिंग डोळ्यात अडकवलं, पण पत्त्यांकडे पाहिलंच नाही. ठमीला उजेडात धरून तिच्या तोंडापाशी वाकले. ती भिंगाला हात घालत होती.

"अगं," ते म्हणाले, "हिच्या कानामागे तीळ आहे!"

तो जन्मापासूनच आहे, हे मी त्यांना सांगितलं नाही.