झुलेमाची चुकीची उत्तरं

तालार व्हिएखो स्टेशनात मालगाडी थांबत नसे, नुसती मंदावत असे. रूळ एकेरी. पुढच्या टप्प्याचं टोकन हाती आल्याशिवाय ड्रायव्हरने एक चाकही पुढे टाकायचं नाही, असा नियम. म्हणून झुलेमा फलाटाच्या टोकाला उभी राहून टोकनची कातडी पिशवी बांधलेली वेताची कडी उंच धरी आणि एव्हारिस्तो इंजिनातून वाकून तीत हात घाली. सकाळी जाताना एकदा, संध्याकाळी परतताना एकदा. भेट म्हणायची ती एवढीच.

वडिलांच्या मागे स्टेशन तिच्याकडे आलं, पण हंगामी. कायम व्हायचं तर यंदाच निरीक्षकापुढे तोंडी परीक्षा, नाहीतर स्टेशन दुसऱ्याला; आणि बाईंना सांधा म्हणजे गुडघ्याचा, एवढंच ठाऊक! हे एव्हारिस्तोच्या कानावर गेलं. एका सकाळी कडी घेता घेता तो ओरडला, "सांधा म्हणजे काय गं?"

झुलेमाने दिवसभर वडिलांचं नियमांचं पुस्तक चाळलं. संध्याकाळी गाडी आली तशी तीही ओरडली, "गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवतो तो!"

"शाब्बास! उद्या लूप लाइन!"

लूप लाइन म्हणजे समोरून येणाऱ्या गाडीला वाट देऊन बाजूला उभं राहायची जागा. आउटर सिग्नल स्टेशनाबाहेरच थांबवणारा, होम सिग्नल आत घेणारा. सगळा हिवाळा असा गेला. गव्हाच्या रानांना कोंब फुटले तोवर शब्द संपत आले आणि झुलेमाच्या ध्यानात आलं: शब्द संपले की हा माणूस मुकाट्याने कडी घेणार आणि जाणार. मग तिने शहाण्या बाईने करू नये ते केलं. ती मुद्दाम चुकायला लागली.

"बफर म्हणजे?"

"गार्डाचा डबा!"

"अरे देवा! अगं, डबे एकमेकांवर आदळू नयेत म्हणून मधे असतो तो!"

इंजिन आणखी मंद करून तो समजावत राही. गाडी वळणाआड जाईपर्यंत त्याचा आवाज येई. झुलेमा तिथेच उभी राही. याने एकदा, एकदाच खाली उतरावं, असं तिला फार वाटे.

आणि एका सकाळी गाडी खरंच थांबली.

मागच्या डब्यातून गार्ड बेनिग्नोने डोकं बाहेर काढलं. "काय रे, लग्नाला आलायस का? गहू सडेल माझा!"

एव्हारिस्तो टोपी काढून फलाटावर उभा राहिला. झुलेमाने घाईघाईने माते नावाच्या कडवट पाल्याच्या चहाचा पेला भरला, त्यात ओढून प्यायची नळी खोवली आणि त्याच्या हातात दिला. त्याने नळी तोंडाला लावली नाही.

"मी निरीक्षकाशी बोललो," तो म्हणाला. "तुझी परीक्षा यंदा घेऊ नका म्हणालो. रागावू नकोस. पालथ्या घड्यावर पाणी चाललंय, झुलेमा. सिग्नल चुकलीस तर माणसं मरतील."

"मला सगळं येतं, एव्हारिस्तोसाहेब."

"काल तू लूप लाइनला बोगदा म्हणालीस!"

झुलेमाने मग एका दमात सांधे, सिग्नल, बफर, शंटिंग सगळं म्हणून दाखवलं. कुठे अडखळली नाही. तो बघतच राहिला.

"मग चुकत का होतीस?"

"तुम्ही परत विचारावं म्हणून."

त्याने पेला हळूच बाकावर ठेवला. "निरीक्षकाला मी आजच खरं सांगतो. कायम होशील तू. पण माझी बदली झालीय, सोमवारपासून दक्षिणेला. मीच मागून घेतली. माझ्यामुळे तुझी नोकरी गेली असती, तर रोज इथून जाताना कुठल्या तोंडाने बघणार होतो तुझ्याकडे?"

"रद्द करा ना."

"माझ्या जागेवर येणारा माणूस बायकापोरं घेऊन निघालासुद्धा."

"मग मला विचारा. आणखी एक काहीतरी विचारा. बरोबर उत्तर देईन."

तिला काय म्हणायचंय ते त्याला कळलं. तो लाजून लाल झाला. टोपी हातात फिरवत राहिला. "तिकडे वारा आणि मेंढ्या," तो म्हणाला. "वडिलांचं स्टेशन सोडायला लावून तुला तिथे नेऊ?"

बेनिग्नोने शिट्टी मारली, मग आणखी एकदा.

"टोकन दे, झुलेमा."

पुढचा टप्पा मोकळा असला आणि ड्रायव्हरने मागितलं, तर टोकन द्यावंच लागतं. टप्पा मोकळा होता. तिने दिलं.